स्कॅनरने १४१२ इशारे दिले, आता सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जांगोवर (वेबसाइट बनवायचं पायथनचं फ्रेमवर्क) लिहिलेला सुमारे दोन लाख ओळींचा जुना पायथन प्रकल्प. जोडीला लोकांनी अपलोड केलेल्या फाइलींचं रूपांतर करणारा, सी भाषेतला एक छोटा भाग. सुरक्षेच्या दृष्टीने पहिल्यांदाच सेमग्रेप, बँडिट आणि फ्लॉफाइंडर हे कोड वाचून दोष शोधणारे स्कॅनर चालवले, तर १४१२ इशारे आले. टीम चार जणांची, रोजचं काम थांबवता येत नाही. एकेक इशारा तपासत बसायचं, की आणखी चांगला स्कॅनर विकत घ्यायचा?

दोन्ही नको. स्कॅनर बदललात तर आकडा बदलेल, काम तेवढंच राहील. कोड न चालवता तो वाचून दोष शोधणारं कुठलंही साधन अंदाजाने काम करतं. कुठल्याही प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दल दर वेळी अचूक उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे राइसच्या प्रमेयाने १९५३ सालीच दाखवून दिलं आहे. त्यामुळे प्रत्येक स्कॅनर एक तर काही खरे दोष सोडतो, नाही तर काही खोटे इशारे देतो, आणि बहुतेक जण दोन्ही करतात. तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे: तुमच्या कोडमध्ये बाहेरचा डेटा कुठून आत येतो आणि कुठे पोहोचला तर घात होतो, हे स्कॅनरला सांगणं. ते न सांगता आलेली १४१२ची यादी कच्ची आहे. ते सांगितल्यावर येणारी यादी वाचण्यासारखी असते.

पण त्याआधी, स्कॅनरने नक्की काय वाचलं ते बघा. इशारे कुठे आले यापेक्षा कुठे एकही आला नाही, हे आधी तपासायला हवं. सेमग्रेप गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी) नोंदलेल्या फाइली वाचत नाही. १ एमबीपेक्षा मोठ्या फाइली मुळात वगळतो. तुम्ही स्वतःची सेमग्रेपइग्नोर फाइल ठेवली नसेल तर टेस्ट, व्हेंडर, बिल्ड, नोड मॉड्यूल्स अशा नावांची फोल्डर सोडून देतो. व्हेंडर नावाच्या फोल्डरमध्ये कंपनीचाच सामायिक कोड ठेवलेला असेल, तर तो सगळा न वाचताच राहिला. बँडिट फक्त पायथनच्या फाइली वाचतो. जांगोच्या टेम्प्लेटमध्ये कोणी 'सेफ' फिल्टर लावून वापरकर्त्याचा मजकूर जसाच्या तसा छापला असेल, तर बँडिटला त्याचा पत्ताही नसतो. पुढे सीसाठी कोडक्यूएल हे आणखी एक साधन वापरलंत आणि बिल्ड चालवून त्याचा डेटाबेस बनवलात, तर कंपायलरने ज्या फाइली प्रत्यक्ष कंपाइल केल्या तेवढ्याच त्यात येतात. कॅशमुळे अर्धं बिल्ड वगळलं गेलं तरी स्कॅन हिरवा दिसतो.

खात्री करायचा सोपा मार्ग असा: प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरमध्ये मुद्दाम दोष ठेवलेली एक छोटी फाइल टाका. त्यात वापरकर्त्याने दिलेलं नाव चिकटवून बनवलेली एसक्यूएल क्वेरी असू दे, आणि शेल चालू ठेवून केलेला सबप्रोसेसचा कॉल. वेगळ्या ब्रँचवर स्कॅन चालवा. जिथला दोष पकडला गेला नाही तिथे स्कॅनर पोहोचलेला नाही. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते न करता पुढे जाऊ नये.

आता यादी. ती फाइलीनुसार वाचू नका, नियमानुसार गट करा. तिन्ही साधनांचं आउटपुट सारिफ (स्कॅनरच्या निकालांचं सामायिक स्वरूप) किंवा जेसन स्वरूपात घ्या, एका शीटमध्ये टाका आणि स्तंभ ठेवा: नियम, सीडब्ल्यूई क्रमांक (दोषाच्या प्रकाराचा प्रमाणित क्रमांक), फाइल, ओळ. पिव्हट लावलात की मोजक्या नियमांनीच बहुतेक जागा खाल्ली आहे असं दिसेल. पहिल्यांदा चालवलेल्या बँडिटच्या यादीत बी १०१ हा नियम जवळपास हमखास वरती असतो, म्हणजे असर्ट वापरल्याचा इशारा. टेस्टमधले असर्ट एका फटक्यात बाजूला काढा. पण टेस्टबाहेरचे एकेक वाचा. पायथन 'ओ' पर्याय देऊन चालवला की सगळे असर्ट गाळले जातात. 'असर्ट युजर.इज_स्टाफ' अशी परवानगीची तपासणी कोणी लिहिली असेल, तर त्या सर्व्हरवर ती तपासणी अस्तित्वातच नाही. यादीतल्या सगळ्यात कंटाळवाण्या नियमाखाली असा एखादा दोष लपलेला असू शकतो, म्हणून आख्खा नियम बंद करण्याची घाई नको. टेस्टच्या फोल्डरपुरता बंद करा.

एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशच्या इशाऱ्यांचंही तसंच. कॅशची किल्ली बनवायला किंवा दोन फाइली सारख्या आहेत का पाहायला एमडी५ वापरला असेल, तर पायथन ३.९पासून मिळणारा 'युज्ड फॉर सिक्युरिटी' हा पर्याय फॉल्स करून टाका. हेतूही स्पष्ट होतो, इशाराही जातो. पासवर्डसाठी वापरला असेल तर तो त्याच दिवशी बदलायचा दोष आहे. आणि बी ३११, म्हणजे रँडम मॉड्यूलचा वापर. बहुतेक जण तो किरकोळ समजून सोडतात. ओटीपी किंवा पासवर्ड रीसेटचा दुवा त्यातून बनत असेल तर तो किरकोळ नाही. त्या मॉड्यूलमागे मर्सेन ट्विस्टर हा यादृच्छिक भासणारे आकडे बनवणारा अल्गोरिदम आहे, आणि त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले की पुढचे सगळे ओळखता येतात. तिथे सीक्रेट्स मॉड्यूल वापरा. एका ओळीचा बदल आहे.

एवढं चाळून उरलेल्यांतून आधी उचलायचे ते सीडब्ल्यूई ७८, ८९, ५०२, २२ आणि ९१८. अनुक्रमे: शेलची आज्ञा, एसक्यूएल, पिकल किंवा यॅमलसारखं डीसीरियलायझेशन (साठवलेल्या मजकुरातून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणं), फाइलीचा मार्ग, आणि सर्व्हरकडून दुसऱ्याच पत्त्यावर विनंती करवून घेणं. या पाचही प्रकारांत बाहेरचा डेटा तुमच्या सर्व्हरला कामाला लावतो. साधनाने लावलेलं 'हाय' किंवा 'मीडियम' हे लेबल दुय्यम समजा. ते लेबल नियमाचं असतं, तुमच्या कोडमधल्या त्या ओळीचं नसतं.

एक इशारा नीट कसा वाचायचा ते बघू. समजा ओळ अशी आहे: अपलोडचं फोल्डर आणि रिक्वेस्टमधून आलेलं फाइलीचं नाव 'ओएस.पाथ.जॉइन'ने जोडलं आहे, आणि तो मार्ग उघडून फाइल परत पाठवली आहे. वाचणाऱ्याला वाटतं की सगळं अपलोडच्या फोल्डरमध्येच घडतंय. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन वरच्या फोल्डरमध्ये जाता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून कोणीतरी आधीच दोन टिंबं काढून टाकणारी ओळ लिहिलेली असते आणि इशारा 'खोटा' म्हणून बंद केलेला असतो. पण जॉइनचा स्वभाव असा आहे की दुसरा भाग तिरक्या रेघेने सुरू झाला तर तो पहिला भाग पूर्ण टाकून देतो. नाव म्हणून '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' दिलं की उत्तर '/ईटीसी/पासडब्ल्यूडी' हेच. दोन टिंबं कुठेच नाहीत आणि अपलोडचं फोल्डर गायब.

मग दुसरी दुरुस्ती येते: अंतिम मार्ग अपलोडच्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो का, हे 'स्टार्ट्सविथ'ने तपासणं. तीही अपुरी आहे. फोल्डर '/एसआरव्ही/अपलोड' असेल तर शेजारचं '/एसआरव्ही/अपलोड_जुने' हेही त्याच अक्षरांनी सुरू होतं. बरोबर दुरुस्ती म्हणजे आधी 'रिअलपाथ'ने सिमलिंकसकट (दुसऱ्या मार्गाकडे नेणारे दुवे) खरा मार्ग काढायचा आणि मग 'कॉमनपाथ'ने मूळ फोल्डरशी ताडून बघायचा. त्याहून चांगलं म्हणजे वापरकर्त्याकडून नाव घ्यायचंच नाही. डेटाबेसमधला क्रमांक घ्यायचा आणि नाव आपण शोधायचं. तुमच्याकडे फाइलींचं रूपांतर आहे म्हणून हेही बघा: टार संग्रह उघडणाऱ्या टारफाइल मॉड्यूलचं 'एक्स्ट्रॅक्टऑल' जुन्या पायथनमध्ये आतली नावं न तपासता फाइली हव्या तिथे लिहितं. पायथन ३.१२मध्ये त्याला 'फिल्टर' आला आणि ३.१४पासून 'डेटा' हा सुरक्षित फिल्टर आपोआप लागतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर तो पर्याय स्वतः द्या.

प्रत्येक इशाऱ्याला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. डेटा खरोखर बाहेरून येतो का? मध्ये एखादी तपासणी आहे का, आणि ती त्याच जागेला लागू पडणारी आहे का? हा दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा चुकतो. एचटीएमएल एस्केप केलेला (खास अक्षरं निरुपद्रवी केलेला) मजकूर एसक्यूएलमध्ये सुरक्षित होत नाही, आणि स्क्रिप्ट टॅगच्या आतही होत नाही. जांगो टेम्प्लेटमध्ये आपोआप एस्केप करतो, पण दुव्याच्या एचरेफमध्ये 'जावास्क्रिप्ट:'ने सुरू होणारा पत्ता आला तर त्यात एस्केप करण्यासारखं अक्षरच नसतं. एसक्यूएलमध्ये पॅरामीटर वापरले तरी 'ऑर्डर बाय'च्या पुढचं स्तंभाचं नाव पॅरामीटर म्हणून देता येत नाही. म्हणून तिथे लोक हमखास स्ट्रिंग चिकटवतात. तिथे परवानगी असलेल्या स्तंभांची यादी ठेवा आणि यादीत नसेल ते नाकारा.

बाहेरचा डेटा म्हणजे फक्त रिक्वेस्टमधले पॅरामीटर नव्हेत. अपलोड केलेल्या फाइलीचं नाव, एक्सेलमधला एखादा खाना, वेबहुकचा मजकूर, होस्ट हेडर, सेलरी या मागे कामं चालवणाऱ्या लायब्ररीच्या रांगेतला संदेश, हे सगळं बाहेरचंच. डेटाबेसमधून वाचलेला मजकूरही. वापरकर्त्याने महिन्यापूर्वी भरलेलं नाव आज रात्रीच्या रिपोर्टमध्ये शेलच्या आज्ञेत जात असेल, तर दोष तोच आहे. अनेक स्कॅनर डेटाबेसला घरचा समजतात आणि गप्प बसतात.

इथे एक व्यावहारिक निर्णय. एखादा इशारा खरा की खोटा हे ठरवण्यात पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ जात असेल आणि दुरुस्ती दहा मिनिटांची असेल, तर सिद्ध करत बसू नका, दुरुस्त करा. स्ट्रिंग चिकटवून केलेली क्वेरी पॅरामीटरची करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता मुख्य काम, स्कॅनरला तुमचा कोड ओळखायला शिकवणं. सेमग्रेपच्या मोफत आवृत्तीत डेटाचा माग एका फंक्शनच्या आतच काढला जातो. व्ह्यूने (रिक्वेस्टला उत्तर देणारं फंक्शन) फाइलीचं नाव घेतलं आणि दुसऱ्या फाइलीतल्या 'रिपोर्टचा मार्ग दे' अशा मदतनीस फंक्शनला दिलं, की माग तुटला. दोन लाख ओळींच्या प्रकल्पात अशी मदतनीस फंक्शन पुष्कळ असतात आणि खरे दोष त्यांच्याच आड राहतात. उपाय म्हणजे टेंट प्रकारचा (अविश्वासू डेटाचा माग काढणारा) स्वतःचा नियम लिहिणं. त्यात तीन गोष्टी द्यायच्या: उगम कोणते, घातक ठिकाणं कोणती, आणि कशातून गेल्यावर डेटा साफ मानायचा. तुमचं मदतनीस फंक्शन घातक ठिकाण म्हणून नोंदवा, किंवा त्याच्या आतला पॅरामीटर उगम म्हणून नोंदवा. दोन्ही केलंत तर माग दोन तुकड्यांत का होईना, पूर्ण होतो.

तिसऱ्या गोष्टीत फार सांभाळा. साफ करणाऱ्यांच्या यादीत चुकीचं फंक्शन गेलं, तर इशारे कमी होतात आणि सगळे खूश होतात, पण दोष जिथल्या तिथे असतो. प्रत्येक नियमाबरोबर एक छोटी चाचणी फाइल ठेवा. ज्या ओळीवर इशारा यायला हवा तिच्या वर कॉमेंटमध्ये 'रूलआयडी' आणि नियमाचं नाव, जिथे यायला नको तिथे 'ओके' आणि नियमाचं नाव. सेमग्रेपचा टेस्ट पर्याय दोन्ही ताडून बघतो. चाचणीशिवाय नियम मर्ज करू नका.

आणि एक खरा दोष सापडला, मग तो स्कॅनरने शोधलेला असो, बाहेरच्या तपासनिसाने असो वा ग्राहकाच्या तक्रारीतून कळलेला असो, तर तो दुरुस्त करून थांबू नका. त्याचा नियम लिहा आणि पूर्ण कोडवर चालवा. ज्याने एका ठिकाणी जॉइनवर भरवसा ठेवला, त्याने किंवा त्याचा कोड कॉपी करणाऱ्याने तो दुसरीकडेही ठेवलेला असतो. माझ्या मते स्कॅनरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, आणि बहुतेक टीम तो करतच नाहीत.

सीच्या भागाकडे वळू. फ्लॉफाइंडर फंक्शनची नावं पाहून इशारा देतो आणि ० ते ५ असे धोक्याचे स्तर लावतो. डेटा कुठून कुठे जातो हे तो बघत नाही. तरी निरुपयोगी नाही, कारण कोड कंपाइल होत नसला तरी तो चालतो आणि कुठे वाचायला बसायचं ते दाखवतो. 'गेट्स' दिसलं तर चर्चा नको, सी ११ मानकातून ते काढूनच टाकलं आहे. खरी अडचण 'सुरक्षित' समजल्या जाणाऱ्या पर्यायांत असते. 'स्ट्रएनकॉपी' स्रोत लांब असेल तर शेवटचा शून्य बाइट घालत नाही, त्यामुळे पुढचं वाचन बफरच्या बाहेर जातं. 'स्ट्रएनकॅट'ला द्यायचा आकडा बफरचा आकार नसून उरलेली जागा असते, तीही शेवटच्या शून्य बाइटासाठी एक वजा करून. 'एसएनप्रिंटएफ' किती अक्षरं लिहिली हे सांगत नाही, जागा असती तर किती लिहिली असती हे सांगतं. तोच आकडा पुढच्या लेखनाची जागा म्हणून वापरला की बफर ओलांडला. फ्लॉफाइंडरने खालच्या स्तरावर टाकलेल्या या इशाऱ्यांना वर आणा.

तुमचा सीचा भाग फाइली वाचतो, म्हणजे फाइलीच्या हेडरमधली लांबी वाचून तेवढे बाइट कॉपी करणाऱ्या ओळी त्यात असणारच. हार्टब्लीड हा दोष असाच होता. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत तो दोन वर्षं राहिला आणि एप्रिल २०१४मध्ये जाहीर झाला. संदेशाची रचना अशी: १ बाइट प्रकार, २ बाइट लांबी, मग मजकूर आणि किमान १६ बाइटांचं भरण. कोडने ती दोन बाइटांची लांबी 'पेलोड' नावाच्या व्हेरिएबलमध्ये वाचली, तेवढी जागा उत्तरासाठी घेतली आणि 'मेमकॉपी(बीपी, पीएल, पेलोड)' असं म्हटलं. जिथे लिहायचं तिथे जागा पुरेशी होती, त्यामुळे बफर ओलांडून लिहिलं जातंय का हे पाहणाऱ्या साधनांना काही खटकलं नाही. ओलांडणं वाचताना होत होतं. पाठवणाऱ्याने लांबी ६५,५३५ सांगायची आणि मजकूर एका बाइटाचा पाठवायचा, की शेजारची जवळजवळ ६४ केबी मेमरी उत्तरात परत यायची, कधी त्यात खासगी किल्लीही. दुरुस्ती साधी होती: सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेल्या रेकॉर्डची लांबी ताडून बघणं.

त्यानंतर कव्हरिटी या स्कॅनरच्या लोकांनी एक युक्ती काढली. कोड बाइटांचा क्रम उलटवून आकडा बनवत असेल, तर तो आकडा बहुधा नेटवर्कवरून आलेला आहे, म्हणून त्याला अविश्वासू धरायचं. तुमच्यासाठी धडा थेट लागू आहे. तुमच्या कोडमध्ये फाइलीतून १६ किंवा ३२ बिटांचा आकडा वाचणारं एखादं मॅक्रो किंवा फंक्शन असेल. ते उगम म्हणून नोंदवा. त्यातून आलेला आकडा मेमकॉपी, मॅलॉक, अ‍ॅरेचा निर्देशांक किंवा लूपची मर्यादा यांपर्यंत तपासणीशिवाय पोहोचला तर इशारा हवा. मॅलॉकमध्ये दोन आकड्यांचा गुणाकार दिसला तर कॅलॉक वापरा, त्यात गुणाकार मावतो की नाही हे तपासलं जातं.

कंपायलरच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करून महागडा स्कॅनर घेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. फेब्रुवारी २०१४मध्ये अ‍ॅपलच्या टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) कोडमधला 'गोटू फेल' दोष उघड झाला. तीच ओळ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी 'इफ'च्या बाहेर पडली आणि सहीची तपासणी कधी चालतच नव्हती. पुढचा कोड पोहोचण्याजोगाच नाही, हे क्लँग या कंपायलरचा एक इशारा सांगू शकला असता, पण तो 'वॉल' या नेहमीच्या इशाऱ्यांच्या पर्यायात येत नाही, वेगळा चालू करावा लागतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये ६व्या आवृत्तीपासून फसव्या इंडेंटेशनचा इशारा मात्र 'वॉल'मध्येच मिळतो. तेव्हा 'वॉल', 'एक्स्ट्रा' आणि 'फॉरमॅट सिक्युरिटी' चालू करा, जीसीसी १० किंवा पुढची आवृत्ती असेल तर त्याचा अंगभूत अ‍ॅनालायझरही. आणि हा भाग बाहेरच्या फाइली वाचतो म्हणून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा पर्याय) लावून फझिंग (बिघडवलेल्या फाइली देऊन प्रोग्रॅम चालवून पाहणं) कराच. कोड वाचून न सापडणारं बरंच काही त्यात सापडतं.

कुठल्याच तयार नियमाला धड दिसत नाही असा दोष म्हणजे परवानगीचा. 'ऑर्डर.ऑब्जेक्ट्स.गेट(पीके=पीके)' या ओळीत एसक्यूएल सुरक्षित आहे, प्रकार बरोबर आहे, लॉगिनही झालेलं आहे. पण ऑर्डर त्याच माणसाची आहे का, हे कोणी विचारलं नाही. पत्त्यातला क्रमांक एकने वाढवला की शेजाऱ्याचं बिल दिसतं. ऑर्डर कोणाची असते हे स्कॅनरला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. म्हणून नियम असा लिहा: व्ह्यूच्या आत पत्त्यातून आलेल्या क्रमांकाने ऑब्जेक्ट शोधला आहे आणि त्याच क्वेरीत मालकाची अट नाही, अशा सगळ्या जागा दाखव. त्यात खोटे इशारे भरपूर येतील, आणि ते चालेल. ती हाताने वाचायची यादी आहे. दोन जणांनी बसून दोन दिवसांत ती संपवा. किंमत फॉर्ममधल्या लपवलेल्या खान्यातून घेणं, कूपन एकाच वेळी दोनदा लागणं, असले दोषही माणसालाच शोधावे लागतात. एआय मॉडेलला कोड दाखवला तर ते अशा जागा कधी कधी बरोबर दाखवतं. मात्र त्याचं उत्तर दर वेळी सारखं येत नाही. त्याने दाखवलेली जागा तपासा, पण त्याने 'काही नाही' म्हटलं म्हणून ती जागा सोडू नका. आणि ग्राहकाचा कोड बाहेरच्या कुठल्याही सेवेला देण्याआधी करार वाचा.

कोडमध्ये राहून गेलेल्या किल्ल्या आणि पासवर्डसाठी गिटलीक्स पुरेसं आहे, पण ते गिटच्या पूर्ण इतिहासावर चालवा. सीआयमधली (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा) चेकआउटची तयार पायरी बहुधा शेवटचा एकच कमिट आणते. इतिहासाची खोली ० (म्हणजे सगळे कमिट) ठेवली नाहीत तर तीन वर्षांपूर्वी काढलेली किल्ली कधीच दिसणार नाही. किल्ली सापडली तर आधी ती रद्द करा, नवी काढा, जुनीचा वापर कुठे झाला ते लॉगमध्ये बघा. इतिहास साफ करणं त्यानंतर, कारण लोकांच्या क्लोनमध्ये आणि फोर्कमध्ये ती तशीच असते. जांगोची सीक्रेट की (सह्या करायची किल्ली) सापडली तर एक सापळा आहे. जांगो ४.१पासून जुनी किल्ली 'फॉलबॅक'मध्ये ठेवता येते, पण ती सोय नेहमीच्या बदलासाठी आहे. फुटलेली किल्ली तिथे ठेवलीत तर तिने केलेल्या सह्या चालतच राहतात. लोक लॉगआउट झाले तरी चालेल, जुनी पूर्ण काढा.

दुसऱ्यांच्या लायब्ररींतले दोष तुमचा कोड वाचून दिसत नाहीत. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या दोषाने जगाला धावायला लावलं तेव्हा स्वतःचा कोड निर्दोष असलेल्यांनाही सुटका नव्हती. पिप-ऑडिट (पायथन लायब्ररींतले माहीत असलेले दोष तपासणारं साधन) रोज चालवा, आणि आवृत्त्या नक्की केलेल्या लॉक फाइलीवर चालवा. 'किमान अमुक आवृत्ती' अशा सैल यादीवर चालवलंत तर ते आज मिळणारी ताजी आवृत्ती तपासेल, सर्व्हरवर असलेली नाही.

हे सगळं रोजच्या कामात बसवताना पहिल्याच दिवशी १४१२ इशाऱ्यांवर बिल्ड अडवू नका. लोक दोन दिवसांत पळवाट काढतील. सेमग्रेपला आधारभूत कमिट द्या, म्हणजे पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) फक्त नवे इशारे येतील. बँडिटलाही जुना अहवाल बेसलाइन म्हणून देता येतो. बिल्ड अडवणारे नियम मोजकेच ठेवा, ज्यांचा इशारा जवळजवळ नेहमी खरा ठरतो असे: शेल चालू ठेवलेला सबप्रोसेस, असुरक्षित यॅमल लोड, किल्ल्या, आणि तुम्ही स्वतः लिहून तपासलेले नियम. बाकीचे नुसती कॉमेंट टाकू देत. पुल रिक्वेस्टवरचा स्कॅन पाच मिनिटांच्या आत संपायला हवा. लांबलचक स्कॅन रात्री चालवा.

इशारा दाबायची वेळ येते, पण नुसती 'नोसेक' ही बँडिटची कॉमेंट लिहू नका, त्याने त्या ओळीवरचे सगळे नियम गप्प होतात. पुढे नियमाचा क्रमांक लिहा, कारण लिहा, आणि ते कारण दुसऱ्या कोणीतरी पुल रिक्वेस्टमध्ये वाचून मान्य करू दे. 'फॉल्स पॉझिटिव्ह' हे कारण नव्हे. 'नाव एनममधून येतं, बाहेरून नाही' हे कारण आहे (एनम म्हणजे ठरलेल्या मूल्यांची यादी). तीन महिन्यांनी तो एनम काढून टाकणाऱ्याला त्या एका वाक्यामुळे कळेल की इथे पुन्हा बघायला हवं.

सरकारी किंवा बँकेचं काम असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि कधी कोडच्या तपासणीचा अहवालही मागतात. तिथे स्कॅनरची तीनशे पानी पीडीएफ देणं कोणाच्याच उपयोगाचं नाही. अहवालात कमिटचा हॅश, प्रत्येक साधनाची आवृत्ती, नियमांची आवृत्ती, न वाचलेल्या फोल्डरांची यादी आणि दाबलेल्या इशाऱ्यांची कारणं द्या. नियम दर वेळी रजिस्ट्रीतून ताजे आणत असाल, तर कोड न बदलता सोमवारी ० आणि मंगळवारी ३० इशारे येऊ शकतात. म्हणून नियमांची एक प्रत रिपॉझिटरीतच ठेवा आणि ती महिन्यातून एकदा, वेगळ्या पुल रिक्वेस्टने अद्ययावत करा.